दयेला शिक्षणाची जोड : डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट

दीनदुबळ्यांची सेवा करावयास प्रेमळ अंतःकरण पुरे, असे पुष्कळांना वाटते. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट यांना तसे वाटले नाही.

शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविलेले हे मिशनरी १९२५ साली मुंबईस आले. दाट वस्तीच्या नागपाड्यात त्यांनी नेबरहूड हाऊस सुरू केले. तेथे सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांना दार उघडे होते. परंतु कामाचे शिक्षण घेतलेले कार्यकर्ते मिळेनात. म्हणून टाटा ट्रस्टच्या साहाय्याने १९३६ साली नागपाड्यातच पदवीधरांसाठी समाजकार्याचे विद्यालय निघाले. भारतातील ते पहिलेच. मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक झाले. वीस विद्यार्थ्यांनी आरंभ झाला. १९४४ पासून ही संस्था टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून ओळखली जाते.

पुढे या शिक्षणास नोकरीच्या वाटा फुटल्या. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. १९४८ च्या कायद्याने पाचशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी आवश्यक ठरला. बालगृहे व परिवीक्षेचे कामही आहेच. १९४९ साली स्थापन झालेल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातही समाजकार्याची विद्याशाखा आली.

चांगल्या शोमरोन्याला नुसती दया आली नाही. जखमेवर काय घालावे हेही त्याला ठाऊक होते. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी आपल्या तरुण-तरुणींना ही वाट अवश्य दाखवावी. पगार घेऊन केलेली सेवा, ती मनापासून असल्यास, उणी ठरत नाही.