अर्नी डेव्हिस

अमेरिकेंत फुटबॉल या नांवानें जो खेळ प्रसिद्ध आहे, तो आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून अगदीं निराळा. त्यांत लांबट चेंडू हातीं घेऊन प्रतिपक्षाची फळी फोडीत धांवावयाचें असतें. या खेळांत थोडक्या आयुष्यांत मोठी कीर्ति मिळविणाऱ्या एका कृष्णवर्णीय तरुणाचें हें चरित्र आहे.

अर्नी डेव्हिस याचा जन्म १४ डिसेंबर १९३९ रोजीं पेनसिल्व्हेनिया संस्थानांत झाला. पित्याचें छत्र त्यास लाभलें नाहीं. आजीआजोबांनीं त्याचें संगोपन केलें. लहानपणीं तो बोलतांना अडखळत असे. बाराव्या वर्षीं तो न्यूयॉर्क संस्थानांतील एल्मायरा येथें आईकडे आला, आणि तेथील शाळेच्या क्रीडांगणावर त्याचे गुण प्रकट झाले.

पुढें सिरॅक्यूज विद्यापीठांत त्यास ४४ हा अंक मिळाला. जिम ब्राउन या विख्यात खेळाडूनें तो पूर्वीं धारण केला होता. १९५९ सालीं त्याचा संघ अजिंक्य राहिला. १ जानेवारी १९६० रोजीं डॅलस येथें टेक्ससच्या संघाचा त्यांनीं २३ विरुद्ध १४ गुणांनीं पराभव केला, व त्या सामन्यांत डेव्हिस सर्वश्रेष्ठ ठरला. परंतु सामन्यानंतरच्या समारंभांत पारितोषिक घेऊन लगेच निघून जावें, असें त्यास सांगण्यांत आलें. कारण तेथें वर्णभेद पाळला जात असे. ज्याचा गौरव करावयाचा, त्यासच पंक्तीस स्थान नाहीं, असा तो न्याय!

१९६१ सालीं महाविद्यालयीन खेळाडूंस मिळणारें हाइस्मन पारितोषिक त्यानें पटकाविलें. १९३५ पासून दिला जाणारा हा मान मिळविणारा तो पहिलाच कृष्णवर्णीय होय. अध्यक्ष केनेडी यांनींही त्याची भेट घेतली. त्यानंतर क्लीव्हलंड ब्राउन्स या व्यावसायिक संघांत त्याचा समावेश झाला. पण १९६२ च्या उन्हाळ्यांत त्यास रक्ताचा कर्करोग झाल्याचें आढळलें. त्या संघाकडून एकही सामना खेळणें त्याच्या नशिबीं नव्हतें. तरीही आपण दुर्दैवी नाहीं, असें त्यानें मृत्यूपूर्वीं थोडेच दिवस प्रसिद्ध झालेल्या लेखांत नमूद केलें. १८ मे १९६३ रोजीं, वयाच्या अवघ्या २३ व्या वर्षीं, त्याचें देहावसान झालें. क्लीव्हलंड संघानें त्याचा ४५ हा अंक पुन्हा कोणासही दिला नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, आयुष्याची लांबी आपल्या हातीं नसते. अपमान व आपत्ति यांनीं मन कडू होऊं न देणें, हें मात्र आपल्या हातीं असतें.