शार्लटबाईंचे बाळंतपण

बाळंतिणीला अळीव, डिंकाचे लाडू, शेकशेगडी सारे काही मिळते; पण ती उगीचच रडू लागली की घरात कुजबुज सुरू होते. सातासमुद्रापलीकडेही हेच होते. म्हणून अमेरिकेतील लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांची हकीकत भगिनींना सांगते.

त्यांचा जन्म १८६० सालचा. लहानपणीच वडील घर सोडून गेले; आईने ओढगस्तीत वाढविले. १८८४ मध्ये स्टेट्सन नावाच्या चित्रकाराशी लग्न झाले आणि पुढच्या मार्चमध्ये कॅथरीन झाली. नवरा प्रेमळ, मदतीला बाई. काही म्हणता काही उणे नव्हते. तरी मुलीला छातीशी धरले की शार्लटबाईंना आनंदाऐवजी रडूच येई. हवापालटाला कॅलिफोर्नियात गेल्या तेव्हा बऱ्या झाल्या. घरी परतताच पुन्हा तेच.

१८८७ मध्ये त्या फिलाडेल्फियाचे नामांकित डॉक्टर वीअर मिचेल यांच्याकडे गेल्या. (आदल्याच वर्षी याच शहरात आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या होत्या!) महिनाभर निजवून, खाऊपिऊ घालून डॉक्टरांनी त्यांना घरी धाडले आणि बजावले, घरसंसारातच राहा, मूल सतत जवळ ठेवा, लेखणी जन्मात हाती धरू नका. लिहिण्यावाचून जिचा जीव राहत नाही तिला हे औषध! बाईंनी ते इमानाने पाळले आणि वेड लागायच्या बेतात आल्या.

डॉक्टरांना तरी किती दोष द्यावा? रक्त तपासून काही कळण्याची तेव्हा सोय नव्हती. आज ठाऊक आहे की बाळंतपणानंतर वर्षभरात काहीजणींची गळ्यातील थायरॉइड ग्रंथी बिघडते. आधी धडधड, चिडचिड. मग थकवा, केस गळणे, उदासपणा. टीएसएचची तपासणी केली की ते कळते आणि लागल्यास गोळी देता येते. ग्रंथी ठीक असूनही मन खचते, त्यालाही उपचार आहेत. पण आपल्याकडे अजून नखरे म्हणूनच सोडून देतात.

शार्लटबाई १८८८ मध्ये मुलीला घेऊन कॅलिफोर्नियात पासाडीनाला गेल्या आणि लिहू लागल्या. सक्तीच्या विश्रांतीत कोंडलेल्या एका आईला भिंतीवरच्या पिवळ्या कागदामागे अडकलेली बाई दिसू लागते, ही त्यांची ‘द यलो वॉलपेपर’ नावाची गोष्ट १८९२ मध्ये छापून आली. ती त्यांनी मिचेल यांनाही पाठविली.

१८९४ मध्ये घटस्फोट झाला. मुलीला वडिलांकडे पाठविले म्हणून वर्तमानपत्रांनी बाईंना फार बोल लावले. पुढे पुस्तके आली, नाव झाले, दुसरे लग्नही झाले. १९३४ मध्ये कर्करोगाने पोखरलेल्या शार्लटबाई पासाडीनाला राहायला गेल्या, त्या कॅथरीनच्याच जवळ. पुढच्या वर्षी तेथेच त्यांचा अंत झाला.