जंजिऱ्याचा याकूत खान : बादशहाच्या छत्राखालचा दर्याचा धनी

शिळफाटा (वार्ताहर) - मुंबई-पुणे जुन्या महामार्गावर खोपोलीच्या शिळफाट्यावरून पालीकडे वळणारा रस्ता पुढे वाकण, रोहा करीत मुरूडच्या किनाऱ्याला जाऊन भिडतो. सुट्टीच्या दिवशी या वाटेने जाणाऱ्या पर्यटकांपैकी बहुतेकांचा अखेरचा मुक्काम जंजिरा हाच असतो. शिवाजी महाराजांच्या हाती न आलेला किल्ला, एवढीच त्याची ओळख घेऊन ते परततात. हा किल्ला तीन दशकांहून अधिक काळ ज्याच्या कर्तबगारीवर टिकून राहिला, तो सिद्दी कासीम ऊर्फ याकूत खान मात्र आपल्या इतिहासात केवळ शत्रू म्हणूनच उरला आहे. तो शत्रू होता, यात शंका नाही. परंतु एका लहानशा बेटावर अनेक सत्ता आपला हक्क सांगत असताना त्या बेटाच्या धन्याने कोणाचा आश्रय घ्यावा आणि त्या आश्रयाची कोणती किंमत मोजावी, हा प्रश्न त्याच्या आयुष्याइतका स्पष्टपणे क्वचितच कोणाच्या चरित्रात दिसतो.

राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी असलेले हे बेट मुळात कोळ्यांचे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ते निजामशाहीच्या अंमलाखाली आले आणि कालांतराने तेथे आफ्रिकेतून आलेल्या हबशी सरदारांचा, म्हणजेच सिद्दींचा जम बसला. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली व कोकण विजापूरकरांकडे गेले. आदिलशहाने सिद्दी अंबर याला वजीर नेमून नागोठण्यापासून बाणकोटपर्यंतचा मुलूख त्याच्या हवाली केला. विजापूरचा सागरी व्यापार आणि मक्केला जाणारे यात्रेकरू यांचे रक्षण करणे, ही त्यामागील अट होती. सिद्दींची गादी केवळ बापाकडून मुलाकडे जाणारी नव्हती. सरदारांमध्ये जो कर्ता ठरेल त्याच्याकडे सत्ता जाई. म्हणजे धनी दूर, चाकरी समुद्रावर आणि बेटावरचा कारभार स्वतःचा, अशी ही व्यवस्था आरंभापासूनच होती.

याच सुमारास कोकणात दुसरी सत्ता उदयाला येत होती. शिवाजी महाराजांनी तळा, घोसाळा यांसारखे किल्ले घेऊन सिद्दीचा जमिनीवरील मुलूख आक्रसत आणला. घाटाखालच्या डोंगराळ मुलखात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आजच्या खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत २ फेब्रुवारी १६६१ रोजी त्यांनी मोगल सरदार कारतलब खान याच्या फौजेची पुरती कोंडी करून त्याला शरण आणले. तथापि, उंबरखिंडीतील युद्धतंत्र राजपुरीच्या खाडीत उपयोगी पडणारे नव्हते. कोकण स्वराज्याचे, तर कोकणाचा समुद्रही स्वराज्याचा, ही महाराजांची भूमिका होती. आणि या भूमिकेत जंजिऱ्याचा सिद्दी हा दारातच बसलेला परका ठरत होता.

१६७० मध्ये महाराजांनी जंजिऱ्याला निकराचा वेढा दिला. विजापूरकडून मदत मिळण्याची आशा उरली नव्हती. किल्ल्याचा प्रमुख फतेह खान जहागीर आणि रकमेच्या बदल्यात किल्ला सोपविण्यास राजी झाला. तेव्हा सिद्दी संबळ, सिद्दी कासीम आणि सिद्दी खैर्यत या तिघा सरदारांनी त्याला कैद केले आणि मोगल अधिकाऱ्यांमार्फत औरंगजेबाकडे आश्रय मागितला. बादशहालाही हा सौदा हवाच होता. मोगलांचे लष्कर अफाट, पण त्यांच्याकडे म्हणावे असे आरमार नव्हते. सुरतेहून सुटणारी व्यापारी व यात्रेकरूंची जहाजे सांभाळायला दर्यावर्दी माणूस पाहिजे होता. संबळकडे आरमार, कासीमकडे जंजिरा आणि खैर्यतकडे किनाऱ्यावरील मुलूख अशी वाटणी झाली. वजीर या जुन्या पदाच्या जागी याकूत खान हा किताब आला आणि सुरतेच्या महसुलातून वार्षिक नेमणूक बांधून देण्यात आली. पुढे याच किताबाने कासीम ओळखला जाऊ लागला.

कासीमने हा आश्रय लवकरच सार्थ करून दाखविला. बेटासमोरील दंडा-राजपुरी तेव्हा मराठ्यांकडे होती. १६७१ च्या होळीच्या रात्री पहारा सैल पडल्याची संधी साधून खैर्यतने जमिनीच्या बाजूने हल्ल्याचा गलबला उडवून दिला आणि कासीम समुद्राच्या बाजूने शिड्या लावून तटावर चढला. झटापटीत दारूचे कोठार उडाले. त्या आवाजाने कित्येक कोस दूर असलेल्या महाराजांना जाग आली, असे मोगल इतिहासकार खाफी खान याने नोंदवले आहे. त्याच इतिहासकाराने या विजयाची काळी बाजूही लपविलेली नाही. आसपासचे किल्ले घेताना एका ठिकाणी अभयाचे वचन देऊन बाहेर काढलेल्या लोकांपैकी पुरुषांची कत्तल झाली आणि स्त्रिया व मुले गुलाम करण्यात आली. कासीमच्या पराक्रमाचे मोजमाप करताना हा शब्दभंग विसरून चालणार नाही.

यानंतरची काही वर्षे सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबई बंदराच्या आश्रयाला येऊ लागले. माझगावला नांगर टाकायचा आणि तेथून पेण, नागोठण्याच्या खाड्यांत शिरून गावे लुटायची, माणसे धरून न्यायची, हा क्रम कोकणच्या रयतेने भोगला. मुंबईचा इंग्रज गव्हर्नर जेराल्ड आँजिए याची अवस्था मोठी अवघड झाली. सिद्दीला जागा नाकारावी तर सुरतेची वखार मोगलांच्या मुठीत, आणि जागा द्यावी तर शिवाजी महाराजांचा रोष. बादशहाचे छत्र असे दूरवर सावली पाडीत होते. मराठ्यांनीही पाठ सोडली नाही. जंजिऱ्याला शह देण्यासाठी जवळच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग उभा राहिला. १६७६ मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी तरंगते मोर्चे बांधून किल्ल्यावर तोफा डागल्या. परंतु कासीमने बाहेर पडून ते मोर्चे जाळून टाकले.

आश्रयाबरोबर धन्याची मर्जीही आली. बादशहाने संबळला दूर करून आरमार कासीमच्या हवाली करण्याचा हुकूम काढला. संबळने तो सहजासहजी मानला नाही आणि १६७७ मध्ये माझगावात दोघांच्या माणसांमध्ये चकमक झडली. इंग्रजांनी मध्यस्थी केल्यावरच कासीमच्या हाती आरमार आले. संबळच्या नात्यातील सिद्दी मिस्री पुढे मराठ्यांना जाऊन मिळाला. मराठ्यांच्या आरमाराचा एक प्रमुख दौलत खान होता, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. हा झगडा धर्माचा म्हणून सांगितला जात असला, तरी बंदरे, महसूल आणि सागरी हुकमत हेच त्याचे खरे मूळ होते.

याचा सर्वांत बोलका दाखला खांदेरी-उंदेरीचा. १६७९ मध्ये महाराजांनी मुंबईच्या दक्षिणेस असलेल्या खांदेरी बेटावर मायनाक भंडारी याच्या देखरेखीखाली तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी हे बेट मुंबईचे असल्याचा दावा केला आणि ऑक्टोबरमध्ये समुद्रात लढाईही झाली. मग सिद्दी बादशहाच्या वतीने दाखल झाला. बेट मराठ्यांकडून घेतलेच, तर ते कोणाकडे राहावे यावरून इंग्रज आणि सिद्दी या दोस्तांमध्येच अविश्वास निर्माण झाला. अखेर इंग्रजांनी महाराजांशी तह करून अंग काढून घेतले. कासीमने मात्र जानेवारी १६८० मध्ये शेजारचे उंदेरी बेट बळकावून तोफा चढविल्या. हाकेच्या अंतरावरील दोन खडकांवर दोन निशाणे फडकू लागली.

शिवाजी महाराजांच्या निधनानंतर संभाजी महाराजांनी १६८२ च्या आरंभी जंजिऱ्याला वेढा घातला. खाडीत भर टाकून बेटापर्यंत वाट बांधण्याचा धाडसी प्रयत्न झाला. परंतु मोगल फौज कल्याणच्या बाजूने कोकणात उतरल्याने महाराजांना तिकडे वळावे लागले आणि किल्ला पुन्हा वाचला. बादशहाचे छत्र म्हणजे केवळ सुरतेचा पैसा नव्हे. संकटसमयी शत्रूच्या पाठीवर येणारी फौजही होती, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

आणि याच छत्राची दुसरी बाजू कासीमला मुंबईत अनुभवास आली. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉन चाइल्ड याने मोगल प्रजेची जहाजे पकडली आणि सिद्दीच्या धान्याच्या गलबतांनाही हात लावला. फेब्रुवारी १६८९ मध्ये कासीम शिवडीला उतरला. माझगाव आणि माहीम त्याच्या ताब्यात गेले आणि इंग्रज आपल्या किल्ल्यात कोंडले गेले. वर्षाहून अधिक काळ मुंबई जवळजवळ सिद्दीची होती. कंपनीचे वकील हात बांधून औरंगजेबापुढे उभे राहिले. बादशहाने दीड लाख रुपये दंड आणि नुकसानभरपाई यांवर त्यांना क्षमा केली. जून १६९० मध्ये वरून आलेल्या हुकमानुसार कासीमने मुंबई सोडली आणि जाता जाता माझगावचा किल्ला जाळला. लढला तो, जिंकला तो. पण जिंकलेले ठेवायचे की सोडायचे, हे ठरविणारा दुसराच होता. त्याच्या हयातीतील सर्वांत मोठी कमाई एका फर्मानासरशी गेली.

१६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडल्यानंतर सिद्दीचा कोकणातील मुलूख वाढला. १६९६ मध्ये खैर्यत मरण पावला आणि जंजिऱ्याचा कारभारही कासीमकडे आला. १७०६ मध्ये त्याचे निधन झाले. पुढल्याच वर्षी औरंगजेबही गेला आणि ज्या छत्राखाली कासीमने आयुष्य काढले, ते छत्रच फाटू लागले. १७३३ मध्ये बाजीराव पेशव्यांच्या काळात रायगड मराठ्यांकडे परत आला. १७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी रेवसजवळ सिद्दी साताला ठार केले आणि जंजिऱ्याच्या महालांचा महसूल निम्मा वाटून घेण्याची वेळ सिद्दींवर आली. मोगलांची जागा मग इंग्रजांनी घेतली. १८३४ मध्ये त्यांनी जंजिऱ्यावर आपले सार्वभौमत्व जाहीर केले आणि १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

समुद्रापलीकडे याच स्वरूपाची कहाणी बहारीनमध्ये घडली. तेथील शेखांनी १८६१ च्या तहाने इंग्रजांचे संरक्षण पत्करले. आखातातील इंग्रज प्रतिनिधी तेव्हा मुंबई सरकारच्या हाताखाली होता. बेट आपले असल्याचा इराणचा दावा १९७० पर्यंत चालू राहिला आणि १९७१ मध्ये बहारीन स्वतंत्र झाले. लहान बेटांना मोठ्या सत्तेचा आश्रय तारतो, हे खरे. पण तो आश्रय कोणाच्या सोयीसाठी आणि किती काळ, हे बेटाच्या हाती नसते.

राजपुरीजवळच्या खोकरी येथे दगडी बांधणीचे तीन घुमट आहेत. त्यांतील मोठा सुरूल खानाचा; लहान दोन कासीम आणि खैर्यत यांचे. जंजिऱ्याच्या तटावरील तोफा पाहून परतणाऱ्यांनी थोडी वाट वाकडी करून तेथेही जायला हवे. कोकणच्या रयतेने त्याच्या हातून जे सोसले ते न विसरताही, शिवाजी महाराजांसारख्या प्रतिस्पर्ध्यासमोर हे बेट राखणारा माणूस कोण होता, हे जाणून घेतल्याशिवाय महाराजांच्या सागरी धोरणाची थोरवीही पुरती कळत नाही.