क्रीडांगणावरील विश्वासूपणा : क्रिस्टी मॅथ्यूसन

खेळ आणि भक्ती यांचा मेळ बसतो काय, असा प्रश्न आपल्या मंडळ्यांतील तरुण पुष्कळदा विचारतात. त्यांच्यासाठी अमेरिकेतील बेसबॉलपटू क्रिस्टी मॅथ्यूसन यांचे जीवन मननीय आहे.

त्यांचा जन्म १२ ऑगस्ट १८८० रोजी पेनसिल्व्हेनियातील फॅक्टरीव्हिल येथे झाला. मुलाने पाळक व्हावे, ही आईची इच्छा होती. बाप्टिस्ट लोकांनी स्थापिलेल्या बकनेल विद्यापीठात ते वर्गाचे अध्यक्ष होते. साहित्य मंडळात, गायकवृंदात आणि फुटबॉलच्या संघातही ते चमकले. १९०० मध्ये ते न्यूयॉर्क जायंट्स संघात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे खेळाडू, म्हणून दाखल झाले. त्या वर्षी तेथे त्यांना एकही विजय लाभला नाही. पुढे मात्र त्यांनी ३७३ विजय मिळविले. १९०५ च्या जागतिक मालिकेत सहा दिवसांत तीन सामने टाकून त्यांनी प्रतिपक्षाला एकही धाव घेऊ दिली नाही.

त्या काळी व्यावसायिक बेसबॉल म्हटले की दारू, शिवीगाळ आणि जुगार डोळ्यांपुढे येई. अशा वातावरणात, प्रभूच्या दिवशी चेंडू टाकणार नाही, हा आईला दिलेला शब्द त्यांनी पाळला. लोक त्यांना ख्रिस्ती सद्गृहस्थ म्हणू लागले. ते निर्दोष होते असे मात्र समजू नका. ते धूम्रपान करीत व पैसे लावून पत्तेही खेळत. परंतु खेळाशी केलेली बेइमानी त्यांना सहन होत नसे.

याची कसोटी १९१८ मध्ये लागली. सिनसिनाटी संघाचे व्यवस्थापक असताना, हॅल चेस हा नामांकित खेळाडू मुद्दाम सामने हरवतो अशी त्यांची खात्री झाली व त्यांनी त्याला निलंबित केले. चौकशीच्या वेळी मॅथ्यूसन सैन्याबरोबर फ्रान्समध्ये होते. चेस निर्दोष ठरविला गेला. सत्याची बाजू घेणाऱ्याच्या पदरी तत्काळ यश पडतेच असे नाही, वाचकहो! पुढच्याच वर्षीच्या जागतिक मालिकेत खेळाडूंनी पैसे घेऊन सामने हरल्याचे उघड झाले, तेव्हा ती कीड किती खोल गेली होती हे देशाला कळले.

फ्रान्समध्ये प्रशिक्षण चालू असता विषारी वायू त्यांच्या फुप्फुसांत गेला. १९१७ मध्ये त्यांचा भाऊ हेन्री क्षयाने वारला होता. १९२० मध्ये त्यांनाही त्याच रोगाने ग्रासले. सॅरनॅक लेक येथे पत्नी जेन यांनी त्यांची शुश्रूषा केली. ७ ऑक्टोबर १९२५ रोजी, जागतिक मालिकेच्या पहिल्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी ते निवर्तले. १९३६ मध्ये बेसबॉलच्या सन्मान दालनासाठी निवडलेल्या पहिल्या पाच जणांत त्यांचे नाव होते. त्या पाचांत हयात नसलेले ते एकटेच.

पौलाने ख्रिस्ती जीवनाला शर्यतीची उपमा दिली आहे. मॅथ्यूसन व्यासपीठावर उभे राहिले नाहीत, तरी आईची इच्छा अगदीच वाया गेली असे कोण म्हणेल? आपले क्षेत्र कचेरी असो, शाळा असो वा मैदान. तेथे कोणी पाहत नसतानाही आपण प्रामाणिक राहतो काय, हे प्रत्येकाने प्रभूसमोर स्वतःला विचारावे.