शाळेतला 'साइन' आणि कन्नड घाटाखालचे भास्कराचार्य

कन्नडहून औट्रम घाट उतरलं की चाळीसगावजवळ पाटणादेवी लागते. इथल्या शिलालेखात थोर गणिती भास्कराचार्य यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे.

भास्कराचार्यांचा जन्म 1114 चा. ते गणित वडील महेश्वर यांच्याकडे शिकले आणि वयाच्या 36 व्या वर्षी, 1150 मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला.

ग्रहांची जागा काढायला 'ज्या' लागते. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य मानलं, तर त्याची अर्धी दोरी म्हणजे आजचा साइन. त्रिज्या 3438 धरली तर 30 अंशांची ज्या येते 1719, बरोबर निम्मी. म्हणूनच साइन 30 = 1/2.

जुन्या कोष्टकांत पावणेचार अंशांच्या टप्प्याने 24 ज्या असत. मधल्या कोनासाठी अंदाज बांधावा लागे. भास्कराचार्यांनी दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढायचं सूत्र दिलं, एकेका अंशाने पुढे जायची रीतही सांगितली.

'ज्या' हा शब्द अरबीत 'जीबा' झाला, पुढे तो 'जैब' असा वाचला गेला. जैब म्हणजे कपड्याची घडी, खोळ. त्याचं लॅटिन भाषांतर 'सायनस', त्यावरून साइन.

नातू चांगदेव यांनी पाटणला मठ काढला, तो आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. शिलालेख त्याचाच.