कॅप्टन नोएल चॅव्हॅस

शूरांच्या कथांत शत्रूस मारणाऱ्यांची नावे बहुधा पुढे येतात. ज्यांनी रणांगणावर केवळ जखमी उचलले अशा एका शूराचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

नोएल चॅव्हॅस यांचा जन्म 9 नोव्हेंबर 1884 रोजी इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे झाला. ख्रिस्तोफर हे त्यांचे जुळे भाऊ. वडील फ्रान्सिस जेम्स चॅव्हॅस 1900 साली लिव्हरपूलचे बिशप झाले. दोघे भाऊ 1908 च्या लंडन येथील ऑलिंपिक सामन्यांत 400 मीटर धावले. बक्षीस मात्र कोणासच मिळाले नाही. पुढे ख्रिस्तोफर पाळक झाले व नोएल डॉक्टर. 1913 साली नोएल सैन्याच्या वैद्यकीय खात्यात शिरले आणि 1914 च्या नोव्हेंबरात लिव्हरपूल स्कॉटिश पलटणीबरोबर फ्रान्सात उतरले.

पलटणीच्या डॉक्टराने आपल्या ठाण्यावर राहून, आणून दिलेल्या जखमींस मलमपट्टी करावी, अशी साधारण रीत. नोएल यांस ती पुरेशी वाटेना. अंधार पडला की ते स्वतः जखमींच्या शोधास निघत. तोफांच्या भडिमाराने ज्यांचे मन खचले असे शिपाई ते मदतनीस म्हणून आपल्याजवळ ठेवून घेत व त्यांस विसावा देत. ह्या कामासाठी कोणी पदक देत नाही, तरी आम्हांस ते त्यांच्या धाडसाइतकेच मोलाचे वाटते.

1915 च्या जूनमध्ये बेल्जममधील हूगे येथील लढाईतील सेवेबद्दल त्यांस मिलिटरी क्रॉस मिळाला. पुढील वर्षी 9 ऑगस्टला फ्रान्समधील गियमाँ येथे पलटणीची फार हानी झाली. दिवसभर शत्रूच्या डोळ्यांदेखत उघड्यावर ते जखमींची शुश्रूषा करीत राहिले, आणि रात्री चार तास शत्रूच्या रांगेसमोर त्यांस शोधीत फिरले. दुसऱ्या दिवशी एका शिपायास पाचशे यार्ड वाहून नेत असता तोफगोळ्याचा तुकडा त्यांच्या कुशीत लागला. तरी त्याच रात्री वीस स्वयंसेवक घेऊन ते पुन्हा निघाले. शत्रूच्या खंदकापासून अवघ्या पंचवीस यार्डांवरील खड्ड्यातून तिघा जखमींस त्यांनी काढले, दोन अधिकाऱ्यांची प्रेते पुरली, आणि मृतांचे ओळखीचे बिल्ले गोळा केले. बिल्ल्यासाठी जीव धोक्यात का घालावा, असे कोणी विचारील. आपला मुलगा मेला की हरवला हेच ज्या घरी कळत नाही, त्या घरास विचारावे. ह्या कामगिरीबद्दल त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

31 जुलै 1917 रोजी ईप्र शहराजवळ वील्त्ये येथे मोठा हल्ला झाला. आरंभीच एका जखमीस नेताना नोएल यांच्या डोक्यास गंभीर जखम झाली. मागे जाण्याची त्यांस मोकळीक होती. ते गेले नाहीत. दोन दिवस जवळजवळ उपाशी, जखमेने घेरी येत असता, पावसाने झालेल्या चिखलातून ते माणसे आणीत राहिले. 2 ऑगस्टच्या पहाटे त्यांच्या ठाण्यातच गोळा येऊन पडला व त्यांचे पोट फाटले. त्याही स्थितीत मदतीसाठी ते सरपटत बाहेर आले. ब्रांडहूक येथील इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, पण 4 ऑगस्टला त्यांनी देह ठेवला. वय 32. विवाह ठरला होता. कर्तव्याची हाक मोडता आली नाही, असा निरोप त्यांनी वाग्दत्त वधूस लिहविला.

मरणोत्तर त्यांस दुसऱ्यांदा व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. हा मान आजवर केवळ तिघांस लाभला आहे. त्यांतील पहिले, डॉक्टर आर्थर मार्टिन-लीक, आपल्या देशात बंगाल-नागपूर रेल्वेचे डॉक्टर होते. आणि योग असा की घायाळ नोएल यांस ब्रांडहूकला नेणारी रुग्णवाहक तुकडी त्यांच्याच हाताखालची होती.

वृद्ध बिशपांचा धाकटा पुत्र एडन त्याच वर्षी जुलैच्या आरंभी बेपत्ता झाला होता; महिनाभरात हे दुसरे दुःख आले. ब्रांडहूकच्या कबरस्तानात नोएल यांच्या शिळेवर दोन व्हिक्टोरिया क्रॉस कोरले आहेत. खाली वडिलांनी निवडलेले वचन आहे: योहान 15:13. एडनची कबर कोठेच नाही.