हकीम इब्ने नफीस : दीन आणि विज्ञान यांचा सुंदर मेळ



शाळेत रुधिराभिसरणाचा धडा आला की विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याचे नाव येते, आणि ते योग्यच आहे. रक्त शरीरभर कसे फिरते हे त्याने १६२८ साली सप्रमाण दाखवून दिले. परंतु या प्रवासातील एक महत्त्वाचा टप्पा, म्हणजे हृदयाकडून फुप्फुसांकडे व तेथून परत हृदयाकडे रक्त कसे जाते, हे त्याच्या जवळजवळ चारशे वर्षे आधी एका मुसलमान हकिमाने लिहून ठेवले होते. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

या थोर हकिमाचे नाव अलाउद्दीन अली अल-कर्शी. जग त्यांना इब्ने नफीस म्हणून ओळखते. इसवी सन १२१० च्या सुमारास दमास्कसच्या परिसरात त्यांचा जन्म झाला. सुलतान नूरुद्दीन झंगी यांनी त्या शहरात एक शिफाखाना उभारला होता. तेथे रुग्णांवर उपचार होत आणि विद्यार्थ्यांना वैद्यकही शिकविले जाई. तेथेच दखवार या नामवंत उस्तादांच्या हाताखाली इब्ने नफीस तयार झाले. पुढे ते कैरोला गेले, मिसरचे प्रमुख हकीम झाले आणि सुलतान बैबर्स यांचेही ते वैद्य होते.

वाचकहो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. हेच इब्ने नफीस शाफई फिकहचे जाणकार होते व कैरोच्या एका मदरशात ते फिकह शिकवीत. हदीसशास्त्रावरही त्यांनी लिहिले. म्हणजे शिफाखाना आणि मदरसा ही दोन्ही दारे त्यांच्यासाठी उघडी होती. दीनी शिक्षण घेतले तर विज्ञान सुटते किंवा विज्ञान शिकले तर दीन सुटतो, अशी भीती ज्या पालकांना वाटते, त्यांनी या जीवनाकडे जरूर पाहावे.

आता त्यांच्या शोधाकडे वळू या. त्या काळी जालीनूस या ग्रीक वैद्याचा शब्द प्रमाण मानला जाई. हृदयाच्या उजव्या व डाव्या कप्प्यांमधील पडद्यात न दिसणारी छिद्रे आहेत आणि त्यांतून रक्त पलीकडे जाते, असे त्याने सांगितले होते. महान हकीम इब्ने सीना यांनीही आपल्या ‘अल-कानून’ या ग्रंथात त्याचीच री ओढली होती. हजार वर्षे कोणी शंका घेतली नाही. इब्ने नफीस यांनी ‘अल-कानून’मधील शरीररचनेच्या भागावर टीका लिहिली, तेव्हा ते जेमतेम तिशीचे होते. त्यात त्यांनी स्पष्ट सांगितले, की हा पडदा जाड व भरीव आहे, त्यात दिसणारी वा न दिसणारी कोणतीच छिद्रे नाहीत. उजव्या कप्प्यातील रक्त फुप्फुसांत जाते, तेथे हवेशी मिसळते आणि मग डाव्या कप्प्यात येते.

ज्या इब्ने सीनांना ते गुरुस्थानी मानत, ज्यांच्या ग्रंथाचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला, त्यांचीच चूक त्यांनी दाखविली. त्यात उद्धटपणा नव्हता. सत्य शोधणे हाच गुरूचा खरा आदर आहे, असे त्यांच्या कृतीवरून दिसते.

शवविच्छेदनाबाबत त्यांनी लिहून ठेवले आहे, की शरीयतचा आदर आणि स्वतःच्या मनातील दया यांमुळे आपण त्यापासून दूर राहिलो. मृत देहालाही मान आहे, ही भावना त्यामागे होती. आज वैद्यकीय शिक्षण व अवयवदान यांसंबंधी असेच प्रश्न आपल्यासमोर येतात. १९८८ मध्ये जिद्दा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीच्या बैठकीत उलेमांनी डॉक्टरांच्या माहितीचा आधार घेऊन विचार केला आणि काही अटींवर अवयवरोपणाला संमती दिली. मात्र अवयवांची विक्री त्यांनी नाकारली. जीव वाचविणे आणि देहाचा मान राखणे या दोन्ही गोष्टी त्यांनी नजरेसमोर ठेवल्या. असे प्रश्न सोडविण्यासाठी दोन्ही विद्या जाणणारी माणसे लागतात. ती आपल्याच घरांतून घडायला हवीत.

इब्ने नफीस यांच्या ध्यासाची एक गोष्ट चरित्रकार सांगतात. हमामात स्नान करीत असता त्यांना नाडीविषयी काही सुचले. ते तसेच बाहेर आले, कागद-कलम मागविले, लेखन पूर्ण केले आणि मगच पुन्हा स्नानाला गेले! वैद्यकाचा एक प्रचंड ग्रंथ त्यांनी योजिला होता, त्याचे सुमारे ऐंशी खंड लिहून झाले. त्यांचा ‘मूजझ’ हा संक्षिप्त ग्रंथ तर हिंदुस्थानातील युनानी हकीमही अभ्यासत.

१२८८ मध्ये ते अखेरच्या आजारात होते. औषध म्हणून मद्य घ्यावे, असे सोबतच्या हकिमांनी सुचविले. त्यांनी नम्रपणे नकार दिला. मद्य पोटात घेऊन अल्लाहसमोर जाण्याची त्यांची तयारी नव्हती. आपले घर आणि सर्व ग्रंथ त्यांनी कैरोच्या मन्सूरी शिफाखान्याला देऊन टाकले होते.

आणि पुढे काय झाले? त्यांचा तो शोध शतकानुशतके हस्तलिखितांत पडून राहिला. १९२४ साली जर्मनीत शिकणाऱ्या मुहियुद्दीन तत्तावी या मिसरी डॉक्टरला बर्लिनच्या ग्रंथालयात ते हस्तलिखित सापडले, तेव्हा जगाला त्याची ओळख झाली. पूर्वजांचा अभिमान आपण सभांतून सांगतो. पण त्यांची पुस्तके कोण उघडतो? एका विद्यार्थ्याने कपाटातील ग्रंथ वाचला म्हणून हे रत्न हाती लागले.

म्हणून पालकांना विनंती आहे, की मुलगा असो वा मुलगी, त्यांनी प्रश्न विचारला तर गप्प बसवू नका. विद्यार्थी मित्रांनो, पाठ केलेले उत्तर परीक्षेपुरते असते. समजून घेतलेले जन्मभर पुरते. अल्लाह आपणां सर्वांना इल्मची आवड आणि त्यावर अमल करण्याची तौफीक देवो. आमीन.